वाडवडिलांचे बाकडे : मोडू नका, जोडा!

सभासद बंधूंनो, गाळप हंगाम आटोपला की घरच्या राहिलेल्या कामांना हात लागतो. म्हणून यंदा ऊस सोडून थोडे लाकडाविषयी.

पाभर, जू, गाडीची चाके ज्या बाकड्यावर घडली, ते आता परड्यात कोंबड्यांखाली पडलेले दिसते. शिवारफेरीत एके ठिकाणी आम्ही विचारले, तर उत्तर आले, "वाटणीत कुणाच्याच वाट्याला बसंना. गुऱ्हाळाच्या चुलवणात घालायचं ठरलंय." तीन पिढ्यांचं बाकडं अन् एका काहिलीचं जळण! आम्ही थांबवलं आणि घरच्या थोरल्या कारागिरासंगं बसून ते उभं केलं. ते असे :

आधी ब्रशने झाडावे. पाणी ओतू नये, उन्हातही टाकू नये. एका अंगाने तापून फळी वाकते. भोकांतून ताजा भुसा गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. पाय वाळवीने खाल्ला असेल तर सगळा बदलू नका. कुजका भाग कापून जुन्या सुक्या लाकडाचा जोड द्या आणि खाली दगड ठेवा. सांधे हलत असतील तर खिळे न मारता नवी पाचर ठोकावी.

रंधा मारण्यापूर्वी फळीवर लोहचुंबक फिरवा. लपलेला एक खिळा रंध्याचे पाते बाद करतो. उंचवटे तेवढेच काढावेत. करवतीच्या खुणा राहू द्या; त्या आजोबांच्या हाताच्या आहेत. लाकूड रुंदीत आकसते-फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून आडव्या पट्टीची बोल्टाची भोके लांबट ठेवावीत, नाहीतर फळी तडकते.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या. मात्र तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

आता त्या घरी बाकडे सामाईक आहे. विहिरीला असते तशी दोघा भावांनी त्यालाही पाळी लावली आहे.

तेव्हा बंधूंनो, बाकडे शोभेला मांडू नका, त्यावर काम करा. खुरप्याची मूठ, कुदळीचा दांडा घरीच बसवा. पोरांना शेजारी उभे करा. बघून बघूनच हात तयार होतो.