इंजिन चोरून हवा घेते तेव्हा

गाडी रस्त्याला लागली की झकास धावते, पण रेल्वेच्या फाटकाशी थांबली की थरथरू लागते आणि पाय काढताच बंद पडते, असा अनुभव तुमच्यापैकी काहींना आला असेल. दोष कुठे असावा? बहुतेक जण कार्बोरेटरकडे बोट दाखवतील. मीही तेच करीत होतो, आणि त्यापायी दीड वर्ष पैसे घालवीत होतो.

माझ्याकडे तेव्हा एक जुनी, हातबदल झालेली मारुती व्हॅन होती. तीन सिलिंडरांची, ७९६ घनसेंटिमीटरची, कार्बोरेटरवाली. आम्ही चार प्राध्यापक तिच्यातून कॉलेजला जात असू. ‘रनिंग धरत नाही’ म्हणून गॅरेजमध्ये नेली की तिथला मुलगा कार्बोरेटरचा स्क्रू थोडा पिळायचा. गाडी आठ-पंधरा दिवस बरी चालायची आणि पुन्हा तेच. प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, त्याचा किटही बदलला. एकदा घाटात, उतारावरच्या वळणावर इंजिन बंद पडले आणि ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. मागे बसलेले तिघे सहकारी एकदम गप्प झाले. घाटातला तो प्रकार का घडला, हे सांगण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान सांगावे लागेल. शिक्षक मंडळींना ते वर्गातही उपयोगी पडेल.

कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र होतात. ते मिश्रण प्रत्येक सिलिंडरपर्यंत नेणारी जी फाटे फुटलेली नळी, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. ही नळी इंजिनाच्या हेडला नट-बोल्टांनी आवळलेली असते आणि दोन्ही धातूंच्या मध्ये एक पातळ पॅकिंग असते. तेच गॅस्केट. पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे प्रमाण लागते. आता गाडी उभी असून इंजिन चालू असते तेव्हा थ्रॉटलचे झाकण जवळजवळ मिटलेले असते. पिस्टन तर हवा ओढीतच असतात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या आत ओढ निर्माण होते, पाऱ्याच्या भाषेत ४५ ते ५० सेंटिमीटरांची. बाहेरचे वातावरण ७६ सेंटिमीटरांचे, आत उरले जेमतेम तीस. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहाशे ग्रॅमहून अधिक जोराने बाहेरची हवा आत घुसू पाहते. गॅस्केटला केसाएवढी फट पडली तरी तिला वाट मिळते, आणि ती हवा कार्बोरेटरच्या हिशेबात नसते.

मग वेगात असताना गाडी बरी का चालते? दोन माणसांच्या आमटीत तांब्याभर पाणी ओतले तर आमटी बिघडते. तेच पाणी गावजेवणाच्या कढईत ओतले तर कोणाला कळतही नाही. उभ्या गाडीचे इंजिन फार थोडी हवा घेते, म्हणून चोरट्या हवेने मिश्रण विरळ होते. वेगात इंजिन भरपूर हवा घेते, थ्रॉटल उघडल्याने ओढही कमी होते, आणि फट जणू नाहीशी होते. स्क्रू पिळून जी तात्पुरती सुधारणा होते तीही यामुळेच. थ्रॉटल थोडा अधिक उघडा राहतो, एवढेच. फट आपल्या जागी शाबूत असते.

घाटातला ब्रेकही इथेच उलगडतो. ज्या गाड्यांत ब्रेकला मदत करणारा डबा असतो, त्याला बळ मिळते ते मॅनिफोल्डमधल्या ओढीचे. ओढ गळकी असली तर डबा नीट भरत नाही, आणि इंजिन बंद पडल्यावर उरलेली ओढ एक-दोनदा पाय देताच संपते. ब्रेक लागतो, पण सगळा जोर आपल्या पायाचा लागतो. म्हणून गाडी ‘रनिंग धरत नाही’ हे दुखणे अंगावर काढू नये.

माझ्या गाडीचे निदान केले ते आठवडी बाजाराच्या गावातल्या एका वयस्क मिस्त्रीने. त्याने व्हॅनचे पुढचे सीट उचलले आणि हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या कडेने फिरवले, डॉक्टर छाती तपासतात तसे. एका जागी ‘स्स्’ असा आवाज आला. मग साबणाचे पाणी पिचकारीने तिथे सोडले. मी बुडबुड्यांची वाट पाहत होतो! पंक्चरमध्ये हवा बाहेर येते म्हणून बुडबुडे दिसतात. इथे हवा आत जाते, म्हणून पाणीच आत ओढले जाते. तसेच झाले. क्षणभर आवाज थांबला आणि इंजिनाची चाल बदलली. सगळ्या परीक्षेला पाच मिनिटे लागली. तुम्ही करून पाहाल तर पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात, बाही नि नळी दूर ठेवा, आणि प्लगच्या वायरींवर पाणी उडू देऊ नका. काही जण पाण्याऐवजी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर हे करणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे, कोणी करू लागला तर त्याचा हात धरा. मॅनिफोल्डला जोडलेल्या लहानमोठ्या रबरी नळ्याही आधी पाहून घ्याव्यात. पुष्कळदा दोष तडकलेल्या नळीत असतो आणि गॅस्केटला हात लावावा लागत नाही.

मिस्त्री मंडळींजवळ ओढ मोजण्याचे घड्याळही असते. त्याचा काटा कमी दाखवतो म्हणून मात्र घाबरू नये. महाबळेश्वरसारख्या साडेचार हजार फुटांवरच्या गावी निरोगी इंजिनाचा काटाही दहा-अकरा सेंटिमीटर खाली राहतो, कारण तिथली हवाच विरळ असते.

आता दुरुस्ती. इंजिन पूर्ण थंड हवे आणि बॅटरीची अर्थिंगची वायर सुटी हवी. पुष्कळ इंजिनांत मॅनिफोल्डमधून रेडिएटरचे पाणी फिरते, तेव्हा ते आधी काढावे. प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधावी. हा सल्ला मी स्वतः पाळला नाही आणि एक अख्खी संध्याकाळ गमावली. नट सोडताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे सोडावेत. मॅनिफोल्ड निघाला की हेडच्या भोकांत स्वच्छ फडके कोंबावे, नाहीतर खरवडलेला कचरा सिलिंडरमध्ये जातो. जुने गॅस्केट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. स्क्रू-ड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की नवी फट तयार झाली समजा. मग पोलादी पट्टी त्या पृष्ठावर उभी धरून खालून फीलर गेज सरकवून पाहावे. पुष्कळ लहान इंजिनांच्या पुस्तकांत ०.१० मिलिमीटरपर्यंतचा वाकडेपणा चालतो. त्याहून अधिक असेल तर पृष्ठ मशीनवर सपाट करून घ्यावे लागते.

नवे गॅस्केट कोरडेच बसवावे, पुस्तकात वेगळे सांगितले नसेल तर. वरून लाल-काळी पेस्ट थापण्याची जी हौस असते, तिने घात होतो. साध्या सिलिकॉनला पेट्रोल मानवत नाही, आणि त्याचे तुकडे सुटून आत जातात. आवळताना क्रम उलटा, म्हणजे मधून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. किती आवळावे याचा आकडा पुस्तकातून घेऊन टॉर्क पान्याने आवळावे. अशा लहान इंजिनांत तो साधारण २ किलोग्रॅम-मीटर असतो. मनगटाच्या जोरावर आवळलेले नट मॅनिफोल्ड वाकवतात, आणि तेच गॅस्केट सहा महिन्यांत पुन्हा गळते.

पेट्रोल इंजेक्शनच्या अलीकडच्या गाड्यांत लक्षणे थोडी निराळी असतात. इंजिन बंद पडण्याऐवजी उभ्या गाडीची गती उगाच वाढते किंवा वरखाली होते, आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. तपासणी यंत्रावर ‘पी ०१७१’ हा आकडा आला तर अर्थ ‘मिश्रण विरळ’ एवढाच. तो आकडा पाहून कोणी थेट महागडा सेन्सर बदलायला निघाला, तर आधी साबणाचे पाणी मारून पाहायला सांगा.

ट्रॅक्टरवाले विचारतील, आमचे काय? तुमच्या डिझेल इंजिनात थ्रॉटलची ही ओढ सहसा नसते, म्हणून रनिंग बिघडत नाही. पण एअर क्लीनरच्या पुढे कुठे फट असेल तर नांगरटीची धूळ न गाळता आत जाते आणि लायनर नि रिंगा घासून काढते. तिथे आवाज येत नाही, दिवा लागत नाही. क्लीनरपासून हेडपर्यंतची नळी, क्लिपा आणि जोड हाताने चाचपून पाहावे लागतात. जोडाच्या आतल्या बाजूला धुळीची रेघ दिसली की फट तिथेच.

माझ्या व्हॅनचे गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरापाशी फाटले होते आणि दोन नट बोटांनी फिरत होते. नवे बसवल्यावर चावी फिरवली तर इंजिन नको इतक्या मोठ्याने घोंगावू लागले. दीड वर्षात थोडा थोडा करून पिळलेला तो स्क्रू मिस्त्रीने जवळजवळ दोन आटे मागे घेतला, तेव्हा कुठे ते शांत झाले.