घर भरलेलं, तरी अम्मी गप्प का?

आपल्याकडे आई-वडील मुलांपाशीच राहतात. म्हणून म्हातारपणाचं नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, ही दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट, असं आपण समजतो. जरा हिशोब मांडून बघू या.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरच्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून 72 हजारांहून अधिक जणांची पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. त्यात साठीपुढचे साधारण 6 टक्के लोक एकटे राहणारे निघाले. पण प्रश्न विचारून तपासलं, तेव्हा नैराश्याची ठळक लक्षणं 8.3 टक्के ज्येष्ठांत दिसली. एकटे राहणारे सगळेच उदास धरले, तरी हिशोब पुरा होत नाही. म्हणजे भरल्या घरातही माणसं आतून खचलेली आहेत. आणि डॉक्टरांकडून निदान झालेले एक टक्क्याच्या आसपासच!

एकटेपणाचा धोका मोठाच, त्यातही जोडीदार गेल्यावर. कोकणात मुलगे आखातात आणि मोठ्या घरात फक्त दोघं म्हातारे, हे चित्र आपल्याला नवं नाही. पण सोबत राहणंही पुरेसं नसतं. तीन महिने थोरल्याकडे, तीन महिने धाकट्याकडे अशी पाळी लागली, की अम्मीचं स्वतःचं कपाट, शेजार, मोहल्ला सुटतो. कुठे अब्बा एका मुलाकडे, अम्मी दुसऱ्याकडे. दोघांचं जेवण-औषध वेळेवर होतं, पण मन मोकळं करायला कुणी नसतं.

म्हातारी माणसं "मी उदास आहे" असं सहसा म्हणत नाहीत. अंग दुखतं, झोप येत नाही, भूक नाही, असं म्हणतात. विसराळूपणा वाढतो. मशिदीत जाणारे अब्बा घरीच बसतात. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर "वयच झालं" म्हणून सोडू नका. आणि "ईमान कमजोर झालं" असं तर मुळीच म्हणू नका. शुगरसारखाच हा आजार आहे, इलाजाने बरा होतो. कधी थायरॉईड किंवा बी-12 ची कमतरताही कारण असते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 मोफत आहे, तर ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567.

घरात एवढं तरी करता येईल: कुठे राहायचं हे त्यांना विचारून ठरवा, दोघांना वेगळं करू नका, त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आणि जेवताना मोबाईल बाजूला ठेवून, रोज थोडा वेळ त्यांचं ऐका.