‘ब्रेक ऑइल’ हे तेल नाही: जुन्या पिकअपचा वारंवार बसणारा क्लच

मागे आवाज येतोय ना? बरं.

कुंभारीत बोलायला यायचं आणि पिकअपचा विषय टाळायचा, हे काही जमणार नाही. अक्कलकोट रोडला पाच मिनिटं उभं राहा. कांदा, कडबा, पाण्याच्या टाक्या, मांडवाचं सामान, सगळं पिकअपमधूनच चाललेलं दिसेल. त्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या. आज त्यातल्या एकाच गाडीचं सांगतो.

तक्रार अशी होती. क्लच दाबून धरला की पेडल हळूहळू खाली बसायचं. गिअर टाकताना खर्रर्र आवाज, रिव्हर्स तर पडायचाच नाही. पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की पडायचा. खालच्या सिलिंडरचं किट तीनदा बदललेलं. प्रत्येक वेळी महिनाभर गाडी झकास, मग पुन्हा तेच. चौथ्यांदा बिघडली ती सोलापूरला, बाजार समितीच्या रांगेत. गाडीत कांदा भरलेला, मागे हॉर्नवर हॉर्न. ड्रायव्हर म्हणाला, “सर, आता क्लच प्लेटच टाकून घेतो.” म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, हजारोंचा खर्च. मी म्हटलं, थांबा जरा.

आता ही यंत्रणा समजून घेऊ. पेडलच्या मागे वरचा सिलिंडर, म्हणजे मास्टर. गिअरबॉक्सपाशी खालचा, म्हणजे स्लेव्ह. मध्ये पाइप, आणि सगळ्यात द्रव भरलेला. द्रव दाबला जात नाही, म्हणून वरून जेवढा ढकलला तेवढा खाली पोचतो. पण किती? हिशेब करा. समजा पेडल १५० मिलिमीटर खाली जातं आणि तरफेचं प्रमाण सहाला एक आहे. मग वरचा पिस्टन सरकतो २५ मिलिमीटर. सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर धरला तर द्रव सरकला साधारण पाच मिलिलिटर. पाच मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचा! भरलेल्या गाडीचा क्लच या एका चमच्यावर सुटतो. त्यात अर्धा मिलिलिटर हवा शिरली, किंवा तेवढा द्रव वॉशरच्या कडेने मागे निसटला, की दहावा भाग गेला. जुन्या गाडीत एवढं पुरतं.

म्हणून पहिलं काम पाना नव्हे, पट्टी. एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं खालच्या सिलिंडरचा दांडा किती बाहेर येतो ते मोजायचं. गाडी बंद, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. हे विसरू नका. दांडा पुरेसा सरकतोय आणि तरी क्लच सुटत नसेल, तर दोष आत: फोर्क, रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट, प्लेट. दांडाच कमी सरकतोय, तर गिअरबॉक्स उतरवायचं कारणच नाही. आमच्या गाडीत दांडा कमी सरकत होता. पंपिंग केल्यावर वाढत होता, आणि दाबून धरला की परत मागे येत होता.

मग गळती शोधायची. खालच्या सिलिंडरचं रबरी बूट उचलून बघितलं, कोरडं. केबिनमध्ये वाकून पेडलच्या मागे, मास्टरचा दांडा जिथे आत जातो तिथे बोट फिरवलं, तेही कोरडं. टाकीतली पातळीही उतरत नव्हती. बाहेर थेंब नाही आणि पेडल तर बसतंय, म्हणजे द्रव मास्टरच्या आतल्या आतच वॉशरवरून मागे जातोय. खात्रीसाठी मास्टरचं तोंड बरोबर आट्याच्या प्लगनं बंद केलं. मास्टर चांगला असेल, तर पेडल दगडासारखं लागलं पाहिजे. इथे ते बसतच गेलं.

म्हणजे तीनदा खालचं किट बदललं, आणि दोष वर! पण मग प्रत्येक वेळी महिनाभर चालायचं कसं? दर वेळी हवा काढली जायची, ताजा द्रव पडायचा, तेवढ्यावर निभायचं. आणि मुळात मास्टरचा वॉशर गेला का? याचं उत्तर टाकीच्या झाकणात होतं. झाकणाखालची रबरी चकती फुगून वेडीवाकडी झाली होती.

आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ना, तिथेच घोळ आहे. ते तेल नाहीच. डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकॉलच्या जातीचे द्रव आहेत. त्यांच्यासाठी बनवलेलं रबर खनिज तेल लागलं की फुगतं, मऊ पडतं. मी सिरिंजनं टाकीतला थोडा द्रव काढला आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडला. असा द्रव पाण्यात विरघळून जातो. इथे वर तेलाचा तवंग आला. ड्रायव्हरला विचारलं, कधी काय ओतलं होतं? म्हणाला, “एकदा रात्री कमी पडलं होतं. सीटखाली स्टिअरिंगच्या ऑइलचा डबा होता. ऑइलच की!”

आता नुसता मास्टर बदलूनही भागत नाही. तेल पाइपात, होजमध्ये, खालच्या नव्या वॉशरातही मुरलेलं असतं. म्हणून मास्टर, खालचं किट, रबरी होज, झाकणाची चकती, सगळं रबर बदललं. लोखंडी पाइप ताज्या द्रवानं धुतला. पेट्रोल-डिझेलनं नाही, तेही शेवटी खनिज तेलच. मग झाकणावर लिहिलेला द्रव सीलबंद डब्यातून भरला. अर्धवट उघडा राहिलेला डबा नको, हा द्रव हवेतली ओल ओढतो.

प्रश्न आलाय, “सर, ब्रेकलाही तेच ऑइल ना?” हो. आणि काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. तशी गाडी असेल आणि ग्लासात तवंग दिसला, तर ती चालवत गॅरेजला नेऊ नका. ओढून न्या, तीही दुसऱ्या गाडीवर चढवून. आमच्या गाडीच्या टाक्या वेगळ्या होत्या. तरी ब्रेकच्या टाकीतलाही द्रव ग्लासात टाकून पाहिला. तो विरघळला.