सीट मिळतेय, पण कुठल्या कागदावर?



गुरुवारी रात्री नाशिकहून भाचीचा फोन. "मामा, एमडीची सीट मिळतेय, पण कोर्स यंदाच सुरू होतोय. घेऊ का?" मी डॉक्टर नाही. अल अमेरातला राहून इतकी वर्षं कॉन्ट्रॅक्टचे कागदच वाचतोय, म्हणून घरातले कागदही माझ्याकडेच येतात. शुक्रवार त्यात गेला.

१९९३ च्या दुरुस्तीपासून नवं कॉलेज, नवा पदव्युत्तर कोर्स, वाढीव जागा या सगळ्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागू लागली. २०२० पासून हे काम नॅशनल मेडिकल कमिशनकडे आहे. परवानगी कलम २८ खाली, पदवीची मान्यता कलम ३५ खाली. दोन्ही एकच असं आपण समजतो, तिथेच फसतो.

परवानगी नाकारली की कमिशनकडे अपील, मग केंद्राकडे, आणि मग कोर्ट. पण प्रवेशाची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. सत्राच्या मध्येच प्रवेश देऊ नका, असं सुप्रीम कोर्टाने मधू सिंग प्रकरणात २००२ सालीच सांगितलंय. त्यामुळे कॉलेजं अंतरिम आदेशासाठी धावतात. तो मिळाला की प्रवेश, आणि निकाल मागाहून!

ओडिशातलं कलिंगा प्रकरण घ्या. हायकोर्टाच्या अंतरिम आदेशावर जागा भरल्या. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने कॉलेजला ५ कोटींचा दंड केला. मुलांना मात्र शिकू दिलं. उलट २०२४ मध्ये केरळच्या केएमसीटी प्रकरणात कमिशनलाच १० लाखांचा भुर्दंड. म्हणजे दर वेळी कॉलेजच लबाड असतं असंही नाही. दोन्ही भांडणं एमबीबीएसच्या जागांची, पण पीजीची वाट त्याच कलमातून जाते. आणि दरवेळी मुलं न्यायाधीशांच्या दयेवर. तीन वर्षांचा कोर्स असा टांगणीला लावायचा?

शिवाय उद्या ती इकडे आली, तर लायसन्ससाठी पदवी थेट विद्यापीठाकडून पडताळली जाते. तिथे "केस चालू आहे" हे उत्तर चालत नाही, बरं का.

मी तिला एवढंच सांगितलं, "परवानगीपत्राची प्रत माग. तारीख बघ, जागांचा आकडा बघ. आणि सरळ विचार, हे कमिशनचं पत्र की कोर्टाचा अंतरिम आदेश?"

काल तिने विचारलं. ऑफिसातले म्हणाले, "सोमवारी या, साहेब रजेवर आहेत."

सोमवारी ती वडिलांना घेऊन जाणार आहे.