रिकामा रॉड

"ताई, आज रिकामाच रॉड."

पहाटेचे साडेपाच वाजले होते. मे महिन्यातल्या कामठीत व्यायामाला हीच एक वेळ. दुपारी पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या छताखालचं लोखंड हाताला चटका देतं. मी स्टँडवरच्या रॉडखाली मान घातली आणि तो खांद्यांवर घेतला. म्हणायला रिकामा, पण पूर्ण मापाचा रॉड 20 किलोचा असतो. त्याच्या पकडीवर कानशीसारखी जाळीदार खरखर असते. घामानं हात घसरू नये म्हणून ती केलेली असते, हे मला तळहात लाल झाल्यावर कळलं.

"खुर्चीवर बसता नं, तसं मांगं जा. टाचा उचलू नका."

मी बसले, उठले. पाचव्या वेळी गुडघे आत वळले. त्यानं लगेच थांबवलं. "आठ बरोबर झाल्या तर आठ. पाच बरोबर झाल्या तर पाचच."

शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याचं हे वाक्य मी त्या दिवशी शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. नवशिक्याला वजनाच्या व्यायामात जे शिकायचं असतं, ते जवळपास सगळं त्यात आहे.

आधी एका वेगळ्या जिममध्ये मी चार दिवस काढले होते. तिथं पहिल्याच दिवशी सगळ्या मशीन फिरवून घेतल्या. तिसऱ्या दिवशी मला भिंतीचा आधार घेऊन जिना उतरावा लागला आणि पाचव्या दिवशी मी गेलेच नाही. असं अंग धरणं सवय नसलेल्या कामानंतर होतंच. ते 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं. पण अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागू पडला, हा समज खोटा आहे. सांध्यात टोचल्यासारखी किंवा पाठीतून पायाकडे जाणारी कळ आली, तर मात्र तिथंच थांबायचं.

इथं सुरुवात पाच हालचालींनी झाली. बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, समोर ढकलणं, डोक्यावर ढकलणं आणि स्वतःकडे ओढणं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. प्रत्येकी दोन किंवा तीन सेट. मधल्या दिवशी विश्रांती, कारण स्नायू व्यायामाच्या वेळी वाढत नाही. तो नंतर, जेवणातून आणि झोपेतून भरून निघतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली दिलेल्या सल्ल्यातही मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो जमिनीवरून रॉड उचलायला शिकण्यात, म्हणजे डेडलिफ्टमध्ये. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड नडगीच्या मध्यावर येतो. मला मिळालेल्या पाच किलोच्या प्लेट लहान. त्या लावल्या की रॉड खाली जातो आणि तो धरायला पाठ वाकते. शिकवणाऱ्या मुलानं काही न बोलता दोन्ही बाजूंना लाकडी पाट्या सरकवल्या आणि रॉड वर आणला. मग म्हणाला, "रॉड नडगीला घासून वर आला पाहिजे. पोटात हवा भरा, जमीन पायानं खाली दाबा." रॉड अंगापासून चार बोटं पुढं गेला की तेच वजन कमरेला दुप्पट वाटतं. नडगीलगत ठेवला की मांड्या आणि नितंब काम करतात, कंबर फक्त ताठ राहते.

घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. लोखंडाचं वजन धरून तो तीस किलोच्या आसपास जातो. इतकी वर्षं मी तो कमरेतून वाकून ओढत होते. आमच्या गावातल्या बायांना वजन नवं नाही. पाण्याच्या कळशा, तांदळाचे कट्टे, कडेवरची पोरं, सगळं उचलून झालेलं आहे. पण ओझं आपल्याला विचारून येत नाही. ते रोज तेवढंच येतं, थकलेल्या अंगावर येतं आणि त्याला सुट्टी नसते. व्यायामातलं वजन आपण ठरवून घेतो, मोजून वाढवतो आणि वेळेवर खाली ठेवतो. ओझ्यानं अंग झिजतं आणि मोजलेल्या वजनानं भरतं, यामागचं कारण एवढंच आहे.

हे मोजून वाढवण्याचं शास्त्र सैनिकांच्या इस्पितळात घडलं, हे वाचून मला विशेष वाटलं. आमची कामठीही 1821 पासून छावणीचं गाव. आज इथं गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांच्याकडे गुडघे जायबंदी झालेले जवान येत. तेव्हा अशा पायांना हलका व्यायाम आणि भरपूर आराम देण्याची रीत होती. डीलॉर्म यांनी जड वजन आणि हळूहळू वाढ असा क्रम लावला, आणि जवान लवकर उभे राहू लागले. 1945 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. आज कुठल्याही जिममध्ये ऐकू येणारं 'दहाचे तीन सेट' त्याच परंपरेतून आलं आहे.

माझी वाढ चहाच्या बशीएवढ्या प्लेटनं झाली. सव्वा किलोची एक इकडे, एक तिकडे. एकूण अडीच किलो. पहिल्या महिन्यात आरशात काहीच बदललं नाही, तरी वहीतले आकडे चढत होते. सुरुवातीची ताकद बहुतेक मेंदू आणि नसांच्या शिकण्यातून येते. असलेल्याच स्नायूंना एकदम कामाला लावायला शरीर शिकतं. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतका भरायला महिने लागतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात सोडून देणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. काम सुरू झालेलं असतं, फक्त अजून दिसत नसतं.

शेजारी सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं असतात. त्यांना 1.6 किलोमीटर धावायचं असतं, बीमवर दहा पुलअप काढायचे असतात. त्यांच्या तोंडी पावडरचा विषय सारखा असतो. मी त्यांना घरचा हिशोब सांगते. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं रोजची गरज. व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, 50 ग्रॅम सोयाबीन वडीत 25 च्या वर. फुटाणे, तुरीचं वरण, दही तर घरात असतंच. स्नायू फुगवणाऱ्या इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नका, हे मात्र मी हात जोडून सांगते. आणि ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं; जोर लावताना श्वास कोंडला की दाब एकदम वर जातो.

तीन महिन्यांनी मी 45 किलो जमिनीवरून उचलले, पाठ सरळ ठेवून. त्या संध्याकाळी सिलिंडर आला. मी त्याच्या जवळ उभी राहिले, कंबर मागं नेली, पोटात हवा भरली आणि उचलला. आई बघत होती.

आई सत्तरीची. तिनं तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन तेंदूपत्त्याच्या विड्या वळल्या, दिवसाला हजाराच्या हिशोबानं. बोटं अजून चपळ आहेत. कंबर आणि मांड्या मात्र बसून बसून गेल्या. पलंगावरून उठताना ती पाटी धरते. दुसऱ्या दिवशी मी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि तिला म्हटलं, "हात न टेकता ऊठ." दोनदा जमलं. तिसऱ्यांदा तिनं माझा हात धरला, म्हणून तिथंच थांबवलं.

आता माझ्या वहीत उजवीकडच्या पानावर तिचा रकाना आहे. पहिली ओळ: खुर्ची, 2. कालची ओळ: खुर्ची, 8. आज सकाळी तिनं विचारलं, "हातात तुरीच्या डाळीची पुडी घेऊन उठू का?"

मी म्हटलं, "आई, घाई काऊन करतं? आज रिकाम्याच हातानं."