उतारावरचा पंचनामा

साताऱ्याकडून पुण्यास येणारे मालट्रक कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरण्यापूर्वी खेड-शिवापूरच्या आसपास चहापाण्यासाठी विसावतात, आणि तिथल्याच एका ढाब्याच्या बाजेवर मला एक न्यायसभा ऐकावयास मिळाली. आरोपी गैरहजर होता. तो इस्पितळात होता. हेवीचे लायसन हाती पडून वर्षही न झालेल्या त्या पोराची साखरेची गाडी आदल्या रात्री बोगद्यापलीकडच्या उतारावर दुभाजकावर चढून आडवी झाली होती, आणि पंचनाम्यात ‘ब्रेक निकामी’ हे दोन शब्द पडल्याची खबर कुणा क्लीनरने आणली होती.

“ब्रेक असा एकाएकी जात नसतो,” कपबशी खाली ठेवीत तात्या म्हणाले. मी त्यांच्याच गाडीतून पुण्यास निघालो होतो. “पोरानं गाडी न्यूट्रल केली असणार.”

“आणि लायनर कुणी बदलायचे होते? शेठनं का पोरानं?”

तिसऱ्याने वजनकाट्याची पावती मागितली. चौथ्याच्या मते सगळा दोष रस्त्याचा, कारण बोगद्यापासून नवले पुलापर्यंत गाडीला दम खायला सपाटीच नाही. आणि कोपऱ्यातला एक जण म्हणाला, की पोराची ती सलग दुसरी खेप होती, डोळा लागला असेल. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसास ८ आणि आठवड्यास ४८ तासांवर बांधून दिले होते, असे मी भीत भीत सुचविले, तेव्हा जो हशा पिकला त्यात माझाच चहा हिंदकळला.

तात्यांच्या म्हणण्यातील मर्म मात्र शाळेतल्या पदार्थविज्ञानाने समजण्याजोगे आहे. २५ टनांची भरलेली गाडी १०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिने सुमारे ७० लिटर थंड पाणी उकळू शकेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असली, तर या ऊर्जेचा मोठा हिस्सा इंजिन स्वतःच्या अंगावर घेते, परंतु न्यूट्रलवर टाकलेल्या गाडीत तो सगळा भार ब्रेकच्या ड्रमांवर पडतो, ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड सुटत जाते, आणि पाय पेडलवर असूनही गाडी धावतच राहते. त्यातून कुणी इंजिनच बंद केले, तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा उतरत जाते आणि सुकाणूही जड होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळ एका मालट्रकने मोटारींची रांगच्या रांग चेचली, तेव्हाही आरंभीची बातमी ब्रेक निकामी झाल्याचीच होती. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, हे पोलिसांनी मागाहून सांगितले.

हे सारे डिझेलच्या चार थेंबांसाठी! खेपेचे डिझेल मोजून मिळते, उरेल ते चालकाचे आणि कमी पडेल तेही चालकाचेच, असा हिशेब जिथे असतो तिथे मोह कसा सुटावा? गंमत अशी, की आजच्या इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणेच्या गाडीत गिअर घातलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर उतारावर इंजिनास डिझेल जवळजवळ जातच नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावे लागते. म्हणजे जी बचत ही मंडळी वर्षानुवर्षे करीत आली, ती बचत नव्हेच.

‘पोरगं नवं होतं’ या एका मुद्द्यावर मात्र सभेचे एकमत झाले, आणि मला तेच खटकले. मालवाहू वाहनाच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हवा, असे १९८८ चा कायदा सांगतो. पण चाचणीच्या मैदानावर घाट कुठला असायला? घाट शिकवितो तो उस्ताद, आणि उस्तादाच्या डाव्या हाताला बसून दोन-तीन वर्षे काचा पुसणारा क्लीनर त्याच्या गुणांबरोबर त्याच्या खोडीही उचलतो.

“त्याचा उस्ताद कोण?” मी विचारले.

उत्तर कुणीच दिले नाही. तात्या उठून बादलीतल्या पाण्याने तोंड धुऊ लागले.

बोगदा संपताच त्यांनी गाडी तिसऱ्यात टाकली. इंजिन घोगऱ्या आवाजात गुरगुरू लागले, मागून हॉर्नचा भडिमार झाला, तरी त्यांनी वेग वाढविला नाही. “तीन वर्षं माझ्याकडंच होतं पोरगं,” समोर पाहतच ते म्हणाले. “तवा मीबी न्यूट्रलच मारायचो.” एवढ्यात उजवीकडून एक भरलेला ट्रक आम्हास मागे टाकून सुळकन खाली उतरला; त्याच्या इंजिनाचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. रस्त्याला दोष देणाऱ्या गृहस्थांची गाडी होती ती.