सोळा आणे जमीन आणि बर्गंडीची वाइन

फेब्रुवारी लागला की आमच्या दिघीत आळंदी रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात. "नारायणगावचा माल आहे, ताई, खाऊन बघा," असं गाडीवाला सांगतो. त्याच दिवसांत लग्नाच्या खरेदीला गेलं की साड्यांच्या दुकानात 'बर्गंडी' रंगाचा शालू समोर उलगडला जातो. नारायणगाव आणि बर्गंडी ही दोन्ही गावा-प्रांतांची नावं आहेत आणि दोन्ही द्राक्षांमुळे दूरवर पोचली आहेत. पहिलं इथून नाशिक रस्त्यानं चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडलं की लागतं. दुसरं फ्रान्सच्या पूर्व भागात आहे. या दुसऱ्या नावाभोवती आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. ते दूर केले तर पहिल्या नावाकडेही नव्या नजरेनं पाहता येतं.

गैरसमज १ : बर्गंडी म्हणजे गडद लाल वाइन.

वस्तुस्थिती : बर्गंडी हा प्रांत आहे. तिथली लाल वाइन 'पिनो नुआर' या काळ्या द्राक्षाची असते, तर पांढरी प्रामुख्यानं 'शार्दोने' या हिरव्या द्राक्षाची. आज तिथे होणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून जास्त वाइन पांढरी असते. साडीच्या रंगाला मिळालेलं नाव त्या प्रांताची निम्मीही ओळख सांगत नाही.

गैरसमज २ : सगळ्यांत नावाजलेली वाइन म्हणजे सगळ्यांत मोठी कंपनी आणि शेकडो एकरांची बाग.

वस्तुस्थिती : बर्गंडीतलं सर्वांत प्रतिष्ठित घराणं 'दोमेन द ला रोमाने-कोंती'. त्याला ज्या शेतावरून नाव मिळालं, ते वोन-रोमाने गावचं 'रोमाने-कोंती' हे शेत जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरांचं आहे. आपल्याकडे एवढी जमीन असलेला माणूस स्वतःला अल्पभूधारक म्हणवतो. त्या साडेचार एकरांतून वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या निघतात. १७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्रानं ते विकत घेतलं आणि त्याचं नाव शेताला कायमचं चिकटलं. त्याच घराण्याकडे 'ला ताश' हे सुमारे ६ हेक्टरांचं शेतही संपूर्ण मालकीचं आहे.

गैरसमज ३ : 'ग्रां क्रू' ही पदवी वाइन बनवणाऱ्याला मिळते.

वस्तुस्थिती : बर्गंडीत ती जमिनीला मिळते, आणि त्या प्रांताचं सगळं मर्म यातच आहे. तिथे चार पायऱ्या आहेत. तळाला संपूर्ण प्रांताच्या नावाची वाइन, तिच्यावर गावाच्या नावाची, मग 'प्रमिए क्रू' म्हणजे पहिल्या प्रतीची शेतं आणि माथ्यावर 'ग्रां क्रू' म्हणजे थोर शेतं. ग्रां क्रू शेतं अवघी ३३ आहेत. १८५५ मध्ये जूल लाव्हाल यांनी तिथल्या शेतांची प्रतवारी ग्रंथात मांडली, पुढे बोन शहराच्या कृषी समितीनं तिचा नकाशा केला आणि १९३० च्या दशकात फ्रान्स सरकारनं तिला कायद्याचं रूप दिलं. शेत विकलं गेलं, मालक बदलला, तरी पायरी शेताचीच राहते.

तिथे अशा नावाच्या आणि हद्दीच्या तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. पेशवेकालीन दप्तरांत गावच्या जमिनीच्या नावाच्या तुकड्याला 'थळ' म्हणत आणि त्यांच्या यादीला 'थळझाडा'. आजही गावातली म्हातारी माणसं गट नंबर सांगत नाहीत. मळई, खडकी, चिंचेचं शेत, पट्टी अशा नावांनीच ती बोलतात.

मात्र थोर शेत म्हणजे हमखास थोर वाइन, असंही नाही. 'क्लो द वूजो' हे सुमारे ५० हेक्टरांचं, दगडी भिंतीनं वेढलेलं शेत पूर्वी सिस्टरशियन मठाचं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीत ते जप्त होऊन विकलं गेलं आणि पुढे विक्री आणि वाटण्या होत होत आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाकडे वेलींच्या मोजक्याच ओळी आहेत. पदवी सगळ्यांची ग्रां क्रू आहे, वाइन मात्र हातागणिक वेगळी.

गैरसमज ४ : भारी जमीन, भारी द्राक्ष.

वस्तुस्थिती : इथे आपली परंपरा आणि बर्गंडीची परंपरा समोरासमोर उभ्या राहतात. १८३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पाहणीतून नवी सारापद्धत सुरू झाली. पुढे नियम पक्के झाले, तेव्हा जमिनीचे नऊ वर्ग पाडून आण्यांत किंमत ठरवली गेली. खोल काळी जमीन सोळा आणे, आणि माती उथळ होत जाईल तसा भाव खाली, अगदी दोन आण्यांपर्यंत. ज्वारी-गव्हासाठी हे बरोबरच होतं.

बर्गंडीत टेकडीच्या पायथ्याची खोल, ओलसर, भारी जमीन खालच्या पायरीवर आहे. माथ्यावर माती फारच पातळ असते. ग्रां क्रू शेतं बहुतेक मधल्या उतारावर आहेत, जिथे चुनखडीवर मातीचा बेताचा थर आहे, पाण्याचा निचरा होतो आणि सकाळचं पूर्वेचं ऊन मिळतं. तिथे वेलीला फार खायला मिळत नाही, म्हणून ती पाला कमी वाढवते, फळ थोडं देते, पण त्या फळात रस, साखर आणि सुगंध एकवटतो. किती पीक घ्यायचं याची कमाल मर्यादाही कायद्यानं ठरलेली आहे. विंगेटच्या तराजूत ज्या मुरमाड उताराला चार-सहा आणे मिळाले असते, तशी जमीन वाइनच्या द्राक्षाला सोळा आणे ठरू शकते.

गैरसमज ५ : खायची द्राक्षं विकून उरली की त्यांची वाइन करतात.

वस्तुस्थिती : हातगाडीवरची थॉमसन, सोनाका, शरद किंवा जुन्नरकडची काळी जंबो द्राक्षं बिनबियांची, टपोरी आणि पातळ सालीची असतात, कारण ती खाण्यासाठी वाढवलेली असतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. महाराष्ट्रात वाइनसाठी काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां या जाती प्रामुख्यानं लावतात आणि त्यांचं एकरी पीक खायच्या द्राक्षांपेक्षा मुद्दाम बरंच कमी ठेवतात.

गैरसमज ६ : बर्गंडीची वेल इथे लावली की इथेच बर्गंडी.

वस्तुस्थिती : बर्गंडी ४७ अक्षांशावर आहे, नारायणगाव १९ वर. तिथे हिवाळ्यात वेल झोपते, वर्षातून एकदा छाटणी होते आणि साधारण सप्टेंबरात तोडणी. आपल्याकडे वेलीला झोप नाही. म्हणून आपल्या बागायतदारानं दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तोडणी. पिनो नुआरला थंडावा लागतो, आपल्या उन्हात ती अवघडते. उष्ण हवेत टिकणाऱ्या जाती इथे रुळल्या, त्या याच कारणानं.

एक साम्य मात्र जमिनीखाली आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीनं फ्रान्सच्या बागांची मुळं खाल्ली. उपाय एकच होता, अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. रोमाने-कोंतीनं आपल्या मूळच्या वेली १९४५ पर्यंत जिवापाड जपल्या, अखेर त्याही उपटाव्या लागल्या. १९४६ ते १९५१ या सहा वर्षांची रोमाने-कोंती जगात अस्तित्वातच नाही. आपल्याकडे पाणीटंचाई आणि क्षार यांवर तोड म्हणून 'डॉगरिज' खुंट आला, तोही मूळचा अमेरिकेचाच.

गैरसमज ७ : जितकी जुनी आणि महाग, तितकी चांगली.

वस्तुस्थिती : ग्रां क्रू वाइन अनेक वर्षं मुरते हे खरं. पण जगातली बहुतेक वाइन, आपल्याकडची पांढरी तर नक्कीच, एक-दोन वर्षांत प्यायची असते. ठेवून ती फक्त उतरते. किमतीचं कारणही समजून घ्यावं. १९४५ च्या रोमाने-कोंतीची एक बाटली २०१८ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. त्या साली बाटल्याच सहाशेच्या आसपास भरल्या होत्या. ती किंमत दुर्मीळपणाची होती. अशा किमतीमुळे नकली बाटल्यांचाही धंदा झाला. रूडी कुर्नियावान या विक्रेत्याला त्यासाठी २०१४ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली.

गैरसमज ८ : वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचा रसच.

वस्तुस्थिती : वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. 'मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक नाही,' अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ मधली स्पष्ट भूमिका आहे. द्राक्षबागेचं कौतुक करण्यासाठी ग्लास हातात घ्यावा लागत नाही.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात वाइनरी उभी केली आणि शाम्पेन प्रांतातल्या तंत्रज्ञांच्या साह्यानं 'ओमर खय्याम' ही फसफसती वाइन परदेशात पाठवली. २००० मध्ये नाशिकच्या 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली, मग अकलूजची 'फ्रातेली' आली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. बर्गंडीच्या जिन्यात ही पहिली आणि सगळ्यांत रुंद पायरी झाली. गावाची आणि शेताची पायरी चढायची अजून बाकी आहे.

ती चढायला फ्रान्सची माती आणावी लागणार नाही. कोणत्या शिवारातलं द्राक्ष कसं येतं, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्या लागतील, आणि त्या शिवाराचं नाव जपावं लागेल. आमच्या दिघीतल्या कितीतरी शेतांची नावं प्लॉट पडले तेव्हा पुसली गेली, ती आता परत येणार नाहीत. जुन्नर, दिंडोरी, निफाडच्या शेतांची नावं अजून माणसांच्या तोंडी आहेत. बागायतदारांनी ती लिहून ठेवावीत. आणि आपण पुढच्या वेळी हातगाडीपाशी थांबलो की भावाबरोबर एवढंही विचारावं : दादा, हे द्राक्ष नारायणगावच्या कोणत्या शिवारातलं?